रुळांलगतच्या पायवाटा बंद होत आहेत: कर्जत, खोपोली, बोरघाट

पाऊलखुणा

नमस्कार मंडळी.

बावीस वर्षं मी कर्जत-खोपोली पट्ट्यात चालतोय. पहाटेची खोपोली लोकल धरायची, पळसदरी, केळवली, डोळवली यांपैकी कुठेतरी उतरायचं, रूळ ओलांडून भातखाचराच्या बांधाला लागायचं आणि डोंगर समोर ठेवून चालत सुटायचं. या वाटा मला कुठल्या नकाशाने दाखवल्या नाहीत. पुढे चालणाऱ्या माणसाच्या मागे मागे जाऊन त्या कळल्या.

त्यातली एक वाट गेल्या शनिवारी बंद झालेली दिसली. वाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अर्ज द्यायचा आहे आणि आधी गाजावाजा नको. बांधावरची वाट गिट्टीपाशी येते तिथे कुणीतरी कधीकाळी जुना लाकडी स्लीपर पायरीसारखा आडवा टाकला होता. पावलांनी त्याच्या मधोमध खळगा पडलाय, पावसात त्यात पाणी साचतं. त्या पायरीच्या बरोबर वर आता लोखंडी कुंपण उभं आहे. मी अलीकडे उभा, पलीकडे एक म्हातारी, डोक्यावर भाजीची पाटी. तिने पाटी कुंपणावरून माझ्या हातात दिली, स्वतः खालच्या फटीतून सरपटत आली, लुगडं झटकलं, पाटी परत डोक्यावर घेतली आणि स्टेशनाकडे निघून गेली. एक शब्द बोलली नाही. तिच्यासाठी तो रोजचा प्रकार झालेला होता.

शनिवारपासून हे डोक्यातून जात नाही. जुन्या मार्गांवर गाड्यांचा वेग वाढतोय, पनवेल-कर्जत नव्या मार्गिकेचं काम आहे, ठिकठिकाणी कुंपणं येताहेत. गाड्या वाढाव्यात, मला त्या हव्याच आहेत. पण ज्या वाटेने माणसं पिढ्यानपिढ्या जातात तिची कुठेच नोंद नाही आणि म्हणून ती विचारातच घेतली जात नाही, हे मला सहन होत नाही. तुमच्या भागात काय स्थिती आहे? कुठली वाट बंद झाली, कुठली वळवली, पर्याय काय दिला? सगळं इथे एकत्र करूया.

रानवारा

भिवपुरी रोड स्टेशनहून माथेरानचा गार्बेट पॉइंट अजून जमतं का? पुढच्या महिन्यात नवशिक्यांना घेऊन जायचंय.

पाऊलखुणा

जमतं. फक्त फलाटाच्या टोकावरून उडी मारून रूळ ओलांडायची सवय नव्या मुलांना लावू नका. पादचारी पुलाने उतरा आणि रस्त्याने गावाकडे जा. दहा मिनिटं जास्त लागतील, बाकी काही नाही. कोंडाणे लेणी आणि पुढे राजमाची करणाऱ्यांना तर रूळ आडवे येतच नाहीत. कर्जतहून कोंदिवड्यापर्यंत रिक्षा मिळते, तिथून उल्हास नदीच्या खोऱ्यातून वाट वर चढते. घाटातली गाडी समोरच्या डोंगरात दिसते, आवाज दरीभर घुमतो. तिथूनच ती बघावी.

जुना कीमन

मी रेल्वेत रुळांवरच नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं घाटात. कीमन म्हणजे रोज ठरलेला पट्टा चालून रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या, रूळ जोडणाऱ्या फिशप्लेटा, तडे तपासणारा माणूस. तेव्हा रुळांवरून चालण्याबद्दल मला बोलू द्या.

ट्रेकवाल्यांना वाटतं, गाडी आली की ऐकू येईल. नाही येत. विजेची गाडी उतारावरून येताना जवळपास निःशब्द येते. त्यात वळण असेल, वारा उलटा असेल, बाजूला धबधबा असेल तर ती शंभर पावलांवर आल्यावर कळते. बोरघाटात तीन मार्ग आहेत. एका गाडीपासून बाजूला होऊन माणूस दुसऱ्या मार्गावर उभा राहतो आणि दुसरी गाडी त्याला नेते. असे देह आम्ही उचललेत. कटिंगमध्ये, म्हणजे डोंगर कापून काढलेल्या मार्गात, दोन्ही बाजूंना दगडाची भिंत, पळायला जागा नाही. बोगद्यात भिंतीत कोनाडे असतात ते आम्हाला माहीत, तुम्हाला अंधारात सापडणार नाहीत. शंभरच्या वेगातली गाडी ब्रेक लावल्यावर थांबायला किलोमीटरभर घेते. ड्रायव्हर शिटी वाजवण्यापलीकडे काही करू शकत नाही, आणि त्याचं पुढे काय होतं हेही मी पाहिलंय. कित्येक जण महिनोन्महिने झोपत नाहीत.

म्हणून मंकी हिल, ठाकूरवाडी, जांब्रुंग या भागात रुळांच्या कडेने चालण्याची जी जुनी हौस आहे, ती बंद झालीच पाहिजे. इथे माझं मत पक्कं आहे.

पण पाऊलखुणा म्हणतात ती गोष्ट वेगळी. रुळावरून लांबवर चालत जाणं एक आणि रूळ आडवा ओलांडून शेतात, शाळेत, बाजारात जाणं दुसरं. पहिल्याची कुणाला गरज नाही. दुसऱ्यावाचून वाडीचं चालत नाही. कुंपण घालणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात. आम्हा पट्ट्यावर फिरणाऱ्यांना मात्र नेमकं माहीत असतं की कुठल्या खांबाजवळून किती वाजता कोण ओलांडतं. ते आम्हाला कधी कुणी विचारलं नाही.

स्पष्टवक्ता

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं मरतात आणि त्यातली सर्वाधिक रूळ ओलांडताना. हे आकडे समोर असताना पायवाटेसाठी हळहळणं मला पटत नाही. कुंपण आलं तर लोक फेरा मारतील, पण जिवंत राहतील. माझा चुलतभाऊ असाच गेला, म्हणून लिहितोय.

वाडीवरची

स्पष्टवक्ता दादा, तुमच्या भावाचं ऐकून वाईट वाटलं. आमच्या वाडीतलेही दोघं गेलेत. त्यातला एक माझ्या वर्गात होता. म्हणून हौसेने कुणी रूळ ओलांडतं असं समजू नका.

मी ठाकूर समाजातली, वाडीवरची पहिली पदवीधर. आमची वाडी रुळाच्या एका अंगाला, शाळा, दवाखाना, रेशनचं दुकान दुसऱ्या अंगाला. पूर्वी फाटक होतं. ते बंद करून रस्त्यासाठी भुयारी मार्ग दिला, आमच्या वाटेपासून दीड किलोमीटर लांब. म्हणजे शाळेत जायला तीन किलोमीटर जास्तीचं चालणं, येताना पुन्हा तेवढंच. हिवाळ्यात मुलं चालतात. पावसाळ्यात त्या भुयारात कंबरभर पाणी भरतं. मोटरसायकलीसुद्धा थांबतात, मग सहा वर्षांचं पोर काय करणार? जून ते सप्टेंबर आमच्या वाडीतल्या लहान मुलांची शाळा अर्धीच होते. गुरुजींना माहीत आहे, हजेरीच्या वहीत दिसतं.

आणि लोक म्हणतात पादचारी पूल बांधा. बांधा, पण आधी एकदा मोळी डोक्यावर घेऊन चाळीस-पन्नास पायऱ्या चढून बघा. माझी आई बाजाराच्या दिवशी पंचवीस किलोची पाटी घेऊन जाते. ती पुलावरून जाणार नाही, ती फटीतून जाईल. पाऊलखुणांनी जी म्हातारी लिहिली तशीच.

जुना कीमन

ताई बरोबर बोलली. पूल उंच होतो कारण वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात आणि तारेपासून ठरलेलं अंतर सोडूनच पूल बांधावा लागतो. त्यामुळे पायऱ्या कमी करता येत नाहीत. पायऱ्यांऐवजी उतार केला तर त्याला जागा फार लागते. एक धोका आणखी सांगतो: ओला बांबू किंवा लांब काठी उभी धरून तारेखालून जाऊ नका. तारेला हात लागावाच लागतो असं नाही, जवळ गेलं तरी वीज झेपावते.

रुळाखालून जायचं म्हणजे मोरी. पण मोरी पाण्यासाठी बांधलेली असते. तिच्यातून चालायची वाट करायची तर पाण्याला दुसरी जागा द्यावी लागते, नाहीतर पुढच्या पावसात भरावच वाहून जातो. २०१९ च्या पावसात मंकी हिल-नागनाथ भागात मार्ग कसा खचला आणि किती दिवस गाड्या बंद राहिल्या हे पुण्याच्या लोकांना आठवत असेल. पाण्याशी खेळ नको.

सातबारा

मी तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, बहुतेक दावे वाटेचेच असतात. कायद्याचं थोडं सविस्तर लिहितो, कारण यातच खरी मेख आहे.

रेल्वे कायदा, १९८९. कलम १४७ सगळ्यांना माहीत आहे: परवानगीशिवाय रेल्वेच्या हद्दीत शिरलात तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माथेरानच्या छोट्या गाडीच्या रुळांवरून नेरळहून चालत जाणाऱ्यांनाही हे लागू होतं, तिथे गाडी हळू जाते म्हणून सूट नाही.

पण त्याच कायद्यात कलम १६ आहे आणि ते कुणी वाचत नाही. रुळांमुळे लगतच्या जमिनींच्या वापरात खंड पडत असेल तर मालकांच्या आणि कसणाऱ्यांच्या सोयीसाठी क्रॉसिंग, पूल, मोऱ्या, वाटा करून देणं आणि त्या राखणं ही रेल्वे प्रशासनाची जबाबदारी आहे. ज्याला भूसंपादनात या गैरसोयीचीही भरपाई मिळाली त्याला या सोयी मागता येत नाहीत. आणि सर्वांत महत्त्वाचं: मार्ग वाहतुकीला खुला झाल्यापासून दहा वर्षांनंतर नव्या सोयी रेल्वेने स्वतःच्या खर्चाने कराव्यात अशी सक्ती करता येत नाही.

आता हिशोब करा. खोपोलीची शाखा १८५६ ची. बोरघाटातला मार्ग १८६३ चा. तिथली दहा वर्षं आपल्या पणजोबांच्या आधीच संपली. तिथे कलम १७ चा रस्ता उरतो: जमीनमालक, राज्य सरकार किंवा स्थानिक संस्था जादा सोय मागू शकते, पण खर्च मागणाऱ्याने द्यायचा. याला कचेरीत डिपॉझिट वर्क म्हणतात. म्हणजे ग्रामपंचायतीचा ठराव, जिल्हा परिषद, जिल्हा नियोजनाचा निधी, अशी साखळी लावावी लागते. एकट्या वाडीने नुसता अर्ज दिला तर तो फायलीत राहतो.

याउलट जिथे मार्गच नवा आहे तिथे आज मागितलं तर रेल्वेवर जबाबदारी टाकता येते. पनवेल-कर्जत मार्गिकेलगतच्या चौक, मोहोपे, चिखले भागातल्या गावकऱ्यांनी आत्ता जागं व्हावं असं मला कळकळीने सांगायचं आहे. तिथे वावर्ल्याचा अडीच किलोमीटरहून लांब बोगदा आहे, बोगद्यावरच्या डोंगरातल्या वाटांना धक्का नाही. प्रश्न भरावाच्या आणि कटिंगच्या पट्ट्यात येतो.

पाऊलखुणा

सातबारा, खूप आभार. एक शंका. वहिवाटीचा हक्क इथे चालत नाही का? शंभर वर्षं लोक जाताहेत.

सातबारा

१८८२ च्या वहिवाट कायद्यात खासगी जमिनीवर वीस वर्षं आणि सरकारी जमिनीवर तीस वर्षं अखंड, उघड, हक्काने वापर दाखवावा लागतो. रेल्वेच्या हद्दीतलं ओलांडणं कलम १४७ मुळे मुळातच गुन्हा ठरतं, त्यामुळे रुळांच्या पट्ट्यात हा दावा टिकवणं अवघड. तहसीलदाराकडे जमीन महसूल संहितेचं कलम १४३ किंवा मामलेदार न्यायालय कायद्याचं कलम ५ लावून शेताची वाट मोकळी करून मिळते, पण ती रुळापर्यंतची. रुळावर तहसीलदाराचा हात पोचत नाही.

पण कागद जमवायचाच असेल तर गाव नकाशापासून सुरुवात करा. भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो. त्यावर गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. ती तुटक रेषा रुळाच्या दोन्ही बाजूंना एकमेकींसमोर येऊन थांबलेली दिसली, तर वाट आधीची आहे हे सांगायला त्यासारखा पुरावा नाही. शिवाय तलाठ्याकडे गावाचं वाजिब-उल-अर्ज असेल तर बघा. संहितेच्या कलम १६५ खाली गावातल्या वाटेच्या, पाण्याच्या, मासेमारीच्या रूढी त्यात नोंदवायच्या असतात. बहुतेक गावांत तो कागद कुणी उघडलेलाच नसतो.

घाटवाट

बोरघाटाची गोष्ट आठवली म्हणून लिहितो. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे, गाडीवाले जाता-येता नाणं टाकतात. लोक सांगतात, इंग्रज साहेबाला घाट चढायची वाट सापडत नव्हती, ती या धनगराने दाखवली आणि मग त्यालाच मारलं. कागदोपत्री पुरावा शोधू नका, ही लोकांनी जपलेली आठवण आहे. पण मेंढरांच्या पायाखालची वाट आधी आणि रूळ नंतर, हा क्रम घाटातल्या लोकांच्या डोक्यात किती पक्का बसलाय ते यातून कळतं.

उलटंही झालंय. खंडाळ्याजवळ पूर्वी रिव्हर्सिंग स्टेशन होतं, चढ इतका तीव्र, सदतीस फुटांना एक फूट, की गाडी तिथे थांबून इंजिनाची दिशा बदलून पुढे जायची. १९२० च्या दशकाच्या अखेरीस नवे बोगदे झाले आणि ते बंद पडलं. रुळाखालची जमीन पुन्हा पायांना मिळाली.

कुळेंकर

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे दूधसागरचं काय झालं ते तुम्ही वाचलंच असेल. कॅसलरॉक ते कुळें रुळांवरून चालत धबधब्याला जायचं ही कॉलेजच्या पोरांची पिढ्यानपिढ्यांची रीत. जुलै २०२३ मध्ये पावसात शेकडोंनी लोक आले, रेल्वे पोलिसांनी रुळांवरून येणाऱ्यांना उठाबशा काढायला लावल्या आणि ते चित्रण देशभर फिरलं. त्या उठाबशा मला आवडल्या नाहीत, माणसाचा असा अपमान करू नये. पण बंदी बरोबर होती. हा मार्ग ज्यातून जातो त्या ब्रागांझा घाटात एका बाजूला कडा, एका बाजूला दरी, मधे बोगदे.

माझी तक्रार वेगळी. बंदी घातली तेव्हा जंगलातून चालायची सुरक्षित वाट आधी आखून द्यायला हवी होती. कोरड्या महिन्यांत कुळेंहून अभयारण्यातून जीप जातात, पावसाळ्यात त्या बंद. धबधबा मात्र पावसाळ्यातच भरतो. मग पोरं चोरून रुळांवर येतात. आणि त्याच घाटात रूळ दुहेरी करायच्या प्रस्तावाची वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली, कारण ते जंगल तसंच राहायला हवं. जंगल राखायचं आणि माणसांनाही चालू द्यायचं, तर पायवाट आखण्याइतका कमी नुकसानीचा दुसरा उपाय माझ्या डोळ्यांसमोर नाही.

थेम्सकाठी

मी मूळची बदलापूरची, आता इंग्लंडमध्ये. इथे अशा वाटांची नोंद सरकारी नकाशावर असते आणि त्यावरच्या प्रत्येक पायवाटेवर चालण्याचा हक्क कायद्याने पक्का असतो, जमीन खासगी असली तरी. रेल्वेला एखादं पायी क्रॉसिंग बंद करायचं किंवा वाट वळवायची असेल तर त्यासाठी रीतसर आदेश काढावा लागतो. वाटेच्या दोन्ही टोकांना नोटिसा लागतात आणि हरकतीसाठी किमान २८ दिवस मिळतात. हरकती आल्या तर चौकशी होते. क्रॉसिंग बंद होतात, बरीच झाली, आणि लोक भांडतातही. पण कुणी सकाळी उठून चालायला गेलं आणि अचानक कुंपण दिसलं, असं होत नाही.

मला फक्त एवढंच सुचवायचंय: ग्रामसभेने आपल्या वाटांची यादी स्वतः करून ठराव केला, तर निदान विचारायला एक कागद तयार होईल.

स्पष्टवक्ता

वाडीवरची, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. भुयारात पाणी भरतं हे मला माहीत नव्हतं. मी पंप आणि गाळाच्या चराचं काम करतो, कारखान्यांसाठी. पाणी का भरतं ते बघायला येऊ शकतो. बहुतेक ठिकाणी भुयाराचा तळ शेजारच्या ओढ्यापेक्षा खाली असतो आणि पाणी जायला वाटच ठेवलेली नसते. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना उंचवटा आणि वर छप्पर केलं तरी निम्मं पाणी अडतं.

वाडीवरची

या दादा. कधीही या.

पाऊलखुणा

या रविवारी आम्ही चौघं वाडीवरचीच्या वाडीला जाऊन आलो. जुना कीमनही आले, गुडघा दुखत असताना. सातबारांच्या सांगण्यावरून गाव नकाशाची नक्कल काढली होती. वाडीतल्या अंगणात ती पसरली आणि पुढे जे झालं ते मी विसरणार नाही. एकेरी तुटक रेषा होती. रुळाच्या अलीकडे संपते, पलीकडे बरोबर समोर पुन्हा सुरू होते आणि गावठाणापर्यंत जाते. वाडीवरचीच्या आजोबांना वाचता येत नाही. त्यांनी त्या रेषेवरून बोट फिरवलं आणि वाटेवरचं एकेक झाड सांगत गेले: इथे मोह, इथे आंबा होता तो पडला, इथे ओहोळ.

मग जागेवर गेलो. जुन्या वाटेपासून एकशे ऐंशी पावलांवर एक कमानीची दगडी मोरी आहे, आतून माणूस ताठ उभा राहील इतकी उंच. वाडीवाले म्हणाले, पाऊस सरला की कोरडी असते. कीमनकाकांनी आत जाऊन पाण्याच्या खुणा पाहिल्या. त्यांचं म्हणणं, पाणी एका अंगाने खोल चरातून काढून दुसऱ्या अंगाला हातभर उंच फरशीची वाट करता येण्यासारखी आहे, पण ते अभियंत्याने मोजूनच ठरवावं, आपण एक दगडही हलवायचा नाही. भर पावसातले पाच-सहा दिवस सोडले तर वाडीला आठ-साडेआठ महिन्यांऐवजी जवळपास वर्षभर वाट मिळेल. पायऱ्या नाहीत, मोळी डोक्यावर घेऊन जाता येईल.

ठरलं ते असं. ग्रामसभेत दोन ठराव: गावातल्या सगळ्या पायमार्गांची यादी, आणि या मोरीतून वाट करण्याची कलम १७ प्रमाणे मागणी. सोबत नकाशाची नक्कल, फोटो, शाळेच्या हजेरीचा उतारा आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सात कोण, किती जण, काय घेऊन ओलांडतात याची आठवडाभराची मोजणी. मोजायला माणसं हवीत. दोघादोघांच्या पाळ्या, कुंपणाबाहेर बसून. आत्तापर्यंत सोमवार, मंगळवार आणि शनिवार भरले. बुधवार, गुरुवार, शुक्रवार आणि रविवार रिकामे आहेत.

रानवारा

नवशिक्यांचा गट घेऊन गुरुवारी येतो. गार्बेट नंतर करू.

स्पष्टवक्ता

रविवार माझा. भुयारही बघून घेईन.

वाडीवरची

जेवण आमच्याकडे, नाचणीची भाकरी आणि जे असेल ते. फलाटावरून सरळ येऊ नका, पुलाने उतरून रस्त्याने या. शाळेच्या कोपऱ्यावर मी थांबते.